बंदुकीची खुंटी

नारखेडेचा मी हेवा करत होतो हे आधीच सांगून टाकतो. आता वयाची सत्तरी उलटली, लपवून काय करायचं? बारा वर्षं आम्ही एका कचेरीत, एका खोलीत, एकमेकांकडे तोंड करून बसलो. त्यातला एक दिवस असा गेला नाही की त्याच्या टेबलाकडे पाहून माझ्या पोटात दुखलं नाही.

तसं हेवा करण्यासारखं त्याच्यापाशी काही नव्हतं. रंग काळा, कोट एका खांद्यावर उतरलेला, टोपी नेहमी मागे सरकलेली. अक्षर म्हणाल तर कोंबडीचे पाय. माझं अक्षर तालुक्यात नावाजलेलं. साहेबांना वर काही महत्त्वाचं पाठवायचं असलं की ते मलाच बोलवत. नियम मला पाठ. कलम विचारा, पोटकलम विचारा, झोपेतून उठवून विचारा. आणि तरी खेड्यातला माणूस कचेरीच्या पायऱ्या चढला की पहिला प्रश्न, "नारखेडेबाबू हायेत काय?" मी समोर बसलेला असायचो. मला विचारायचे!

हा काळ महाराष्ट्र नवा नवा झाल्यानंतरचा. शस्त्रांचा नवा कायदाही नुकताच लागू झाला होता. आमच्या जिल्ह्यात शेतकऱ्यांकडे पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुका असत. रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं ज्वारी उभी ठेवत नसत, म्हणून हा परवाना. पण बंदूक एकदा घरात आली की ती फक्त डुकरासाठी राहत नाही. वरातीत बार निघतो, धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात निघते, आणि कधी कधी चार भिंतींच्या आत नुसती दाखवली जाते. परवाना देणारे जिल्ह्याचे साहेब, चौकशी पोलिसांची. पण तालुक्याचा शेरा ज्या टेबलावरून जाई ते टेबल नारखेडेचं होतं. ते मला हवं होतं.

आणि हा बंदुकीचा बाबू फटाक्याला भ्यायचा! दिवाळीत कोणी लवंगी लावली तरी दोन्ही कानांत बोटं घालून भिंतीला चिकटे. बंदूक तपासायला आली की शिपायाला म्हणे, "तूच धर रे बाप्पा. मी इथूनच पाह्यतो." ही गोष्ट मी तिखटमीठ लावून गावभर सांगितली. मला वाटलं, लोक हसतील आणि त्याची किंमत उतरेल. लोक हसले. किंमत काही उतरली नाही. उलट म्हणू लागले, "बाबू कसा खरं सांगते पाहा. भेतो त भेतो मनते."

त्याची काम करण्याची तऱ्हा तर मला सहनच होत नसे. परवाना नवा करायचा म्हणून कोणी आला की नारखेडे त्याला पाणी पाजायचा, पीकपाण्याचं विचारायचा आणि मग म्हणायचा, "घरच्या बाईले घेऊन या." माणूस चक्रावायचा. बंदुकीचं काम, त्यात बाईचं काय काम? मी समोरून ओरडायचो, "नारखेडे, कायद्यात असं कुठं लिहिलंय?" तो म्हणायचा, "नाई लिहिलं. म्हणून त इचारा लागते."

बाई यायची. कचेरीसमोर कडुनिंब होता, त्याच्या पारावर डोक्यावरून पदर घेऊन बसायची. नारखेडे नवऱ्याला स्टॅम्प आणायला बाजारात पिटाळायचा आणि स्वतः पारापाशी जाऊन उभा राहायचा. एकच प्रश्न विचारायचा. मी पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मोताळ्याकडची एक म्हातारी बसली होती.

"मावशी, तुमच्या घरी बंदुकीची खुंटी कोठी हाये?"

म्हातारी विचारात पडली. "असन बाप्पा दारामांगं... नाई, न्हाणीकडच्या भितीले. काऊन?"

"काई नाई. या तुमी." तिच्या लेकाचा कागद त्याच दिवशी पुढे गेला.

त्याच आठवड्यात एक तरणी बाई आली. तिला हाच प्रश्न. तिनं मान वर केली नाही, पण उत्तर लगेच दिलं. "मधल्या घरात. चुलीपासून सात पावलं. माह्या डोक्याच्या एक वीत वर हाये. ठासायच्या दारूची पुडी कोनाड्यात रायते." तिच्या नवऱ्याचा कागद अडकला.

मी विचारलं, हा काय पोरखेळ? नारखेडेनं टोपी मागे सारली. "सोनोने, घरात सूप कोठी, मुसळ कोठी, हे बाईले इचारलं त ती एक घडी याद करते. बंदुकीची खुंटी जिले याद करा लागत नाई, ती रोज रात्री तिकडं पाहूनच झोपते. तिच्या घरी बंदूक नको."

हे मला सुचलं नाही. इतकी वर्षं मी कायदा वाचत होतो, आणि हे मला सुचलं नाही. त्या रात्री मी जेवलो नाही, बायकोला सांगितलं पोट बिघडलंय.

एकदा माझ्या चुलतभावाच्या लग्नाला कचेरीतली मंडळी आली होती. आमच्याकडे मांडवासमोर बार काढल्याशिवाय नवरदेव घोड्यावरून उतरत नसे. गावातले एक वयस्क पाटील बंदूक ठासून तयार उभे होते. पोरंबाळं भोवती. मी पुढे झालो आणि म्हणालो की राखणीच्या परवान्यावर वरातीत बार काढता येत नाही, अमुक कलम, तमुक नियम. पाटील भडकले. "तू मले कायदा शिकवते काय बे? कालपर्यंत आमच्या दारी येत होता, आज कायदा सांगते!" वरात थांबली, वाजंत्री थांबली, माझा चुलता माझ्यावरच धावून आला.

तेवढ्यात नारखेडे पाटलांजवळ गेला. हात जोडले. "काका, मले त्या आवाजाचं लय भेव वाटते. छातीत धडधडते. मी घरी जाईस्तोवर थांबता काय?"

सगळी वरात हसली. पाटीलही हसले. म्हणाले, "जा बाबू, जा. तू गेल्यावरच काढतो."

आणि नारखेडे गेलाच नाही! मुहूर्त टळू लागला तसा नवरदेव बाराशिवायच उतरला, तरी हा तिथंच. यानं अक्षता टाकल्या, पंगतीत दोनदा बुंदी घेतली, पान खाल्लं, म्हाताऱ्यांशी गप्पा ठोकल्या. मधून मधून पाटलांकडे पाहून हात जोडायचा, "निघालोच काका." पाटील शेवटी कंटाळून बंदूक मोकळी करून घरी ठेवून आले. निघताना माझी चुलती मला म्हणाली, "तुह्या कचेरीतला तो बाबू किती गुणाचा आहे रे!" माझं कलम बरोबर होतं हे मात्र कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

मग एकदा वरून पत्र आलं. राखणीच्या बंदुकांचे अपघात आणि गुन्हे होतात, ते कमी व्हावेत म्हणून नियमांत काय सुधारणा करावी, तालुक्यांनी सुचवावं. मला वाटलं, आता माझी वेळ आली. मी तीन रविवार बसून बारा पानं लिहिली. समास आखून, तांबड्या शाईत मथळे. नारखेडेनं एका चतकोरावर एकच ओळ खरडली: 'परवाना देण्याआधी घरातल्या बाईला एकटीला विचारावे, आणि ती काय बोलली ते कागदावर लिहू नये.' साहेबांनी माझी पानं चाळून बाजूला ठेवली. ती ओळ दोनदा वाचली, आम्हा सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. माझ्या बारा पानांना त्यांनी "अक्षर छान" एवढंच म्हटलं. वरून कोणालाच उत्तर आलं नाही, हेच माझं समाधान.

पण माझ्या मनात एक गोष्ट घर करून राहिली. बाई काय बोलली ते लिहायचं नाही, तर मग हा कागद अडवतो कोणत्या कारणानं? एक दिवस तो रजेवर होता तेव्हा मी त्याच्या वरवरच्या काही फायली काढून पाहिल्या. त्यातल्या प्रत्येक अडलेल्या फायलीवर त्याच्या कोंबडीच्या पायांत एकच शेरा होता: 'नळी निकामी. वापरास धोकादायक. बंदूक ठाण्यात जमा राहावी.' नवऱ्याला वाटावं, बंदुकीतच खोट आहे. बायकोचं नाव कुठं येऊ नये. मला सगळं समजलं. म्हणजे तो सरकारी कागदावर धडधडीत खोटं लिहीत होता.

पुढे एकानं ठाण्यातच मिस्त्री नेऊन आपली बंदूक दाखवली. मिस्त्री म्हणाला, नळी आरशासारखी आहे. हे माझ्या कानावर आलं, आणि मी घरी जाऊन अर्ज लिहिला. निनावी. फाईल, तारीख, शेरा, सगळं व्यवस्थित. अक्षर बदलायला हवं हे मला कळत होतं. डाव्या हातानं दोन ओळी लिहून पाहिल्या. त्या इतक्या घाणेरड्या आल्या की मला बघवेनात. इतका मुद्देसूद अर्ज आणि असं अक्षर? कागद फाडला आणि नेहमीसारखा, वळणदार, समास सोडून लिहिला. टपालात टाकताना मागे फिरावंसं वाटलं नाही, हेही सांगून ठेवतो.

चौकशीला नवे साहेब बसले होते. लिहून घ्यायला मीच होतो. साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "नारखेडे, मिस्त्री म्हणतो नळी चांगली आहे. तुम्ही निकामी कशावरून लिहिलं?"

त्यानं एक शब्द उच्चारला असता तर सुटला असता. बायांनी काय सांगितलं ते बोलला असता, दोन बायांना साक्षीला बोलावलं असतं. साहेब वाईट नव्हते. पण मग ते कागदावर आलं असतं, आणि कागदावरून घरी गेलं असतं.

"चुकी झाली साहेब. माहे डोळे कमजोर झाले."

"सगळ्याच फायलींत?"

"हाव साहेब. डोळे काई एका फायलीपुरते कमजोर होत नाईत."

दुसऱ्या दिवशी तो चष्मा घालून आला. महिन्याभरात वेतनवाढ रोखल्याचा आणि लोणारकडे बदलीचा हुकूम निघाला. आणि बंदुकीचं टेबल माझ्याकडे आलं. जाताना त्यानं फायलींचा गठ्ठा स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवला. वर एक फाईल वेगळी बांधलेली. "ही पयले पाहाजा," म्हणाला. मला वाटलं, मोठा आला शिकवणारा. ती मी सगळ्यात खाली घातली.

पंधरा दिवसांनी माझे मेहुणे उत्तमराव आले. माझ्या धाकट्या बहिणीचे, शांताचे यजमान. पंचवीस एकर जमीन, नांदुऱ्याला कापसाच्या गाड्या जायच्या, चारचौघांत मान. आनंदात होते. "आता आपला माणूस टेबलावर आला म्हणा! त्या आंधळ्यानं दोन वर्षं माही बंदूक अडकवली. काढा फाईल."

मी रुबाबात गठ्ठा सोडला. उत्तमरावांची फाईल तळाशी निघाली. वेगळी बांधलेली. 'नळी निकामी.'

मला आधी रागच आला. माझ्या बहिणीच्या घरावर त्यानं हा शेरा मारला? मग खुंटीचा प्रश्न आठवला. दोन वर्षांपूर्वी, मी रजेवर असताना कधीतरी, शांता या कचेरीसमोरच्या पारावर बसून गेली होती, आणि मला ते माहीत नव्हतं.

मी मेहुण्यांना म्हटलं, "उद्या शांताले घेऊन या. अंगठा लागते." अंगठ्याची काही गरज नव्हती. आयुष्यात मी पहिल्यांदा कायद्यात नसलेली गोष्ट सांगितली.

ती आली. त्यांना मी स्टॅम्प आणायला पाठवलं. पारापाशी जाऊन उभा राहिलो.

"शांते, तुह्या घरी बंदुकीची खुंटी कोठी होती?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "माह्या अंथरुणापासून चार पावलं," ती म्हणाली. "त्यायच्यापासून तीन."

कडुनिंबाखाली एक बकरी पाला खात होती. मी तिला हाकललं. मग विचारलं, "मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमाले सांगतलं असतं त तुमी भांडाले आले असते भाऊ. दारात उभे राहून दोन कलमं सांगतली असती. मंग तुमी निघून गेले असते. मी तिथीच राह्यली असती." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "नारखेडेबाबूनं मले काईच इचारलं नाई. फक्त खुंटी इचारली."

तुम्हाला खरं सांगू? त्या क्षणीसुद्धा मला बहिणीच्या दुःखाआधी त्याचाच हेवा वाटला. मी तिला कडेवर घेऊन जत्रा दाखवली होती. तिच्या लग्नात मी रडलो होतो. आणि तिच्या मनातलं सांगायला तिला तो सापडला.

आता शेरा लिहायचा होता. नळी निकामी लिहिता येणार नव्हतं, ती वाट माझ्याच अर्जानं बंद केली होती. मी रात्रभर नाही, पण दुपारभर नियम चाळले. आणि सापडलं. राखणीचा परवाना हा रानाच्या उपद्रवासाठी. उत्तमरावांची शेती गावाला लागून, चारी बाजूंनी वस्ती आणि रस्ता. तिथं रोही कुठलं आणि डुक्कर कुठलं? मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'शेतास रानटी जनावरांचा उपद्रव नाही. परवान्याचे प्रयोजन उरत नाही.' एकही शब्द खोटा नव्हता. साहेबांनी न विचारता सही केली.

उत्तमरावांनी भर कचेरीत मला नाही नाही ते सुनावलं. सख्खा मेहुणा असून दगा दिला म्हणाले. चार वर्षं आमच्या दारात पाऊल टाकलं नाही. शांतावर मात्र त्यांचा राग निघाला नाही. सगळा माझ्यावरच आला, आणि मी तो येऊ दिला. गठ्ठ्यातल्या बाकीच्या बायांनाही मी एकेकीला पारावर बोलावलं. प्रत्येकीला खुंटी विचारली. प्रत्येक फायलीसाठी एक खरं कारण शोधलं. तीन ठिकाणी कारण सापडायला महिना लागला, पण सापडलं. आणि नारखेडेची ती एक ओळ मी दरवर्षी सुधारणा म्हणून वर पाठवत राहिलो. खाली सही माझी करायचो. तेवढा अप्पलपोटेपणा राहिलाच.

नारखेडे मला पुन्हा भेटला तो नांदुऱ्याच्या मोटारस्टँडवर. तो निवृत्त होऊन गावी चालला होता. केस पिकलेले, कोट तोच किंवा तसाच. पाटी वाचताना त्यानं चष्मा कपाळावर चढवला. जवळचं तिकीट वाचतानाही कपाळावरच.

"नंबर किती हाये?" मी विचारलं.

"नंबर कायचा? साधी काच हाये. साहेबाले एकडाव डोळे कमजोर सांगून बसलो ना. मंग घालाच लागला."

मला राहवेना. "नारखेडे, तो अर्ज..."

"माहीत हाये," तो म्हणाला. "साहेबानं टेबलावर ठेवला तवाच वळखला. असं अक्षर तालुक्यात दुसऱ्या कोणाचं हाये?" हे त्यानं कौतुकानं म्हटलं. खोटं नव्हे, खरंच कौतुकानं. "म्हणून त साहेबाले म्हटलं, टेबल सोनोनेलेच द्या."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"मले नियम येत नोते हो. म्हणून खोटं लिहा लागे. ते कवा ना कवा उघडं पडणारच होतं. तुमाले सारे नियम पाठ. तुमाले खरं लिहून बी अडवता येईन, हे मले माहीत होतं. अन् शांताबाईची फाईल त्यात होती. दुसऱ्या कोणाकडे टेबल गेलं असतं त बंदूक दुसऱ्या दिवशी घरी गेली असती."

म्हणजे माझ्या हातून जन्मात जे एक बरं काम झालं, तेही यानंच माझ्या टेबलावर आणून ठेवलं होतं. वेगळं बांधून. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्याला मोटारीखाली ढकलावंसं वाटलं.

गाडी लागली. तो खिडकीपाशी बसला. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं तसा मागून धडाकन बार झाला. नारखेडेनं दोन्ही कानांत बोटं घातली आणि डोळे मिटले. आतले लोक हसले. गाडी हलली तेव्हा त्यानं एक बोट काढलं, बाहेर वाकला आणि ओरडला, "सोनोने, शांताबाईले इचारजा! त्या खुंटीले आता काय टांगते?"

मला माहीत नव्हतं. उत्तमरावांचा राग निवून बरीच वर्षं झाली होती, मी त्या घरी अनेकदा जेवलो होतो, पण त्या भिंतीकडे मान वर करून पाहण्याची माझी हिंमत झाली नव्हती. त्या रविवारी मी मुद्दाम गेलो. शांता चुलीपाशी भाकरी थापत होती. उत्तमराव ओट्यावर नातवाला खेळवत होते.

मी हळूच विचारलं, "शांते, त्या खुंटीले आता काय टांगते?"

तिचे हात पिठात थांबले. तिनं वर पाहिलं, भुवया आकसल्या, आठवून पाहिलं.

"कोणती खुंटी हो भाऊ?"

हे ऐकायला नारखेडे तिथं नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी त्याच्याआधी माझ्या वाट्याला आलं होतं. आणि मला झालं होतं, कधी एकदा घरी जातो आणि त्याला कार्ड लिहितो.